दोष नांवाचा कीं संकेताचा?

मूल जन्मास आलें म्हणजे त्याचें बारसें करण्याची आपल्याकडे चाल आहे. हल्लीं घरांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याचेंहि एक लहानसें बारसें करावें लागतें. मोबाइल, लॅपटॉप, घरभर बिनतारी जाळें पसरणारा राउटर, हीं सारीं यंत्रें स्वतःस एक नांव मागतात. बहुतेक लोक कारखान्यानें दिलेलें नांव तसेंच राहूं देतात. परंतु एखादा हौशी विद्यार्थी आपल्या यंत्रास देवनागरी अक्षरांत नांव देतो. कोणी 'सह्याद्रि' म्हणतो, कोणी 'गुऱ्हाळ', तर कोणी आजीचेंच नांव ठेवितो. पुढें केव्हां तरी बिनतारी जोडणी लागेनाशी होते. शेजारचा जाणकार येऊन पाहतो आणि निकाल देतो, "मराठी नांव दिलेंस, म्हणून बिघडलें. इंग्रजींत लिही." नांव बदलतांच जोडणी लागते, निकाल खरा ठरतो, आणि आपलीं अक्षरें यंत्रास चालत नाहींत असा धडा तो मुलगा गांठीं बांधतो.

या धड्याविषयींच येथें विचार करावयाचा आहे. उपाय बरोबर असून त्यावरून काढलेलें अनुमान चुकीचें असूं शकतें. औषधानें ताप उतरला म्हणून रोगाचें निदान झालें असें होत नाहीं. इंग्रजी नांवानें काम भागलें, यावरून मराठी नांव दोषी होतें असें ठरविणें हें त्यांतलेंच होय. हा केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न असता तर तो कारागिरांवर सोंपवितां आला असता. परंतु येथें मुलांच्या मनावर आपल्या लिपीविषयीं एक ठसा उमटत असतो, म्हणून पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं दोघांनींहि हा विषय थोडा खोलांत जाऊन पाहावा अशी विनंति आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, यंत्रास अक्षर म्हणून कांहीं दिसत नाहीं. त्यास केवळ अंक दिसतात. हे अंक ज्या लहान लहान कप्प्यांत ठेविलेले असतात त्यांस बाइट म्हणतात, आणि एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतची कोणतीहि एक संख्या मावते. कोणत्या संख्येस कोणतें अक्षर समजावयाचें, हा माणसांनीं आपसांत केलेला करार होय. या करारासच प्रस्तुत लेखांत 'संकेत' असें म्हटलें आहे. १९६३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतांत अवघ्या १२८ जागा होत्या, आणि त्यांत इंग्रजी अक्षरें, अंक, विरामचिन्हें व कांहीं यंत्राज्ञा एवढेंच बसविलें होतें. बाइटांतील उरलेल्या १२८ जागा निरनिराळ्या देशांनीं व कंपन्यांनीं आपापल्या मताप्रमाणें भरल्या. भारतांत १९९१ सालीं इस्की हा संकेत राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांस एकाच क्रमावलींत जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि १९९२ सालीं केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं ते क्रमांक बाइटांत लिहिण्याची यूटीएफ-८ ही रीति रचिली. या रीतींत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. आपलें 'म' हें अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन अंकांनीं लिहिलें जातें.

आतां हेच तीन अंक पश्चिम युरोपांतील भाषांसाठीं योजिलेल्या १२५२ क्रमांकाच्या जुन्या संकेतानें वाचले तर काय होईल? पडद्यावर 'म' दिसणार नाहीं. डोक्यावर तिरपी रेघ असलेलें एक रोमन अक्षर, त्यापुढें चलनाचें एक चिन्ह, आणि त्यापुढें नोंदलेल्या व्यापारचिन्हाचें वर्तुळ, अशी तीन भलतींच चिन्हें उमटतील. जपानी लोकांस या घोटाळ्याचा इतका अनुभव आला आहे कीं, त्यांच्या भाषेंत त्यास 'मोजिबाके', म्हणजे अक्षरांचें रूप पालटणें, असा स्वतंत्र शब्दच आहे. मोडींत लिहिलेलें जुनें पत्र केवळ बाळबोध जाणणाऱ्याच्या हातीं पडलें तर असाच प्रसंग येतो. कागद फाटलेला नसतो, शाई उडालेली नसते, लिहिणाऱ्याचा हातहि चुकलेला नसतो. फरक इतकाच कीं, माणूस "मला मोडी येत नाहीं" असें प्रांजळपणें सांगतो; यंत्र मात्र न कळतांहि वाचीत जातें आणि भलताच अर्थ खरा धरून चालतें.

या अज्ञानामुळें धडधाकट बिनतारी ॲडॉप्टर कसें 'बिघडतें', याचें एक ठळक उदाहरण रशियन भाषेंतील विंडोजमध्यें पाहावयास मिळतें. तेथें बिनतारी जोडणीस रशियन अक्षरांत 'बेस्प्रोवोद्नाया सेत्य', म्हणजे 'बिनतारी जाळें', असें नांव आपोआप मिळतें. कोणी हौसेनें ठेवावें लागत नाहीं. त्याच विंडोजमध्यें जुन्या धर्तीच्या सामान्य कार्यक्रमांसाठीं १२५१ क्रमांकाचा संकेत आणि काळ्या आज्ञापटलासाठीं ८६६ क्रमांकाचा संकेत, असे दोन संकेत एका घरांत नांदतात. समजा, एका व्यवस्थापकानें हें ॲडॉप्टर बंद करून पुन्हां चालू करणाऱ्या आज्ञांची फाइल लिहिली आणि ती १२५१ संकेतांत जतन केली. नांवाचें पहिलें अक्षर, ज्याचा उच्चार आपल्या 'ब'सारखा आहे, तें फाइलींत १९३ या अंकानें लिहिलें गेलें. आज्ञापटल तो १९३ अंक ८६६ च्या यादींत शोधतें. तेथें त्या जागीं चौकट आंखण्याच्या रेघेचा एक तुकडा आहे! ८६६ च्या यादींत त्या अक्षराचा अंक १२९ आहे. मग "या नांवाची जोडणी सांपडत नाहीं" असें उत्तर मिळालें तर नवल काय? ॲडॉप्टर शाबूत आहे, त्याचा ड्रायव्हर शाबूत आहे, लहरींचें येणें-जाणें चालू आहे. केवळ त्यास हांक मारणाराची भाषा व ऐकणाराची भाषा एक नाहीं. अशा वेळीं जो मनुष्य नवें ॲडॉप्टर विकत आणील त्याचे पैसे व्यर्थ जातील. फाइल योग्य त्या संकेतांत जतन करणें, आज्ञापटलास संकेत बदलावयास सांगणें, किंवा जेथें सोय असेल तेथें नांवाऐवजीं जोडणीचा क्रमांक देणें, हेच यावरचे खरे उपाय होत.

आतां आपल्या घरांतील राउटराकडे वळूं. वाय-फाय ज्या ८०२.११ मानकावर चालतें, तें प्रथम १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत जाळ्याच्या नांवास जास्तींत जास्त ३२ बाइट दिले आहेत. परंतु ते बाइट कोणत्या संकेतानें वाचावयाचे हें मात्र त्या वेळीं सांगितलें नव्हतें. नांव यूटीएफ-८ मध्यें आहे अशी खूण सोबत पाठविण्याची सोय २०१२ सालच्या आवृत्तींत दिसते. या मौनाचा व त्या ३२ बाइटांचा परिणाम काय होतो, तें 'सरस्वतीविद्यालय' हें नांव घेऊन पाहूं. डोळ्यांस येथें आठ अक्षरें दिसतात. यंत्राच्या हिशेबीं मात्र काने, वेलांट्या व जोडाक्षरांतील हलन्ताच्या खुणा निराळ्या मोजल्या जाऊन पंधरा चिन्हें होतात, आणि प्रत्येकीं तीन याप्रमाणें ४५ बाइट लागतात. रोमन अक्षरांत हेंच नांव मधल्या मोकळ्या जागेसह १९ बाइटांत बसतें. नेटकें यंत्र अशा वेळीं "नांव लांब झालें" असें सांगून थांबेल. निष्काळजीपणानें घडविलेलें यंत्र मात्र ३२ व्या बाइटावर सुरी चालवील. मग 'सरस्वतीविद' एवढीं दहा चिन्हें व अकराव्या चिन्हाचे तुटलेले दोन बाइट हातीं राहतील. असल्या तुटक्या नांवास एक मोबाइल प्रश्नचिन्हें दाखवील, दुसरा कोरी जागा दाखवील, आणि तिसरा तें जाळें यादींतच घेणार नाहीं.

दुसरी एक खोंच तर खास मराठीची आहे. 'गुऱ्हाळ' या शब्दांतील आडवा र यंत्रावर तीन रीतींनीं लिहितां येतो. 'ऱ' हें स्वतंत्र चिन्ह घेऊन त्यास हलन्त खूण जोडावी, ही पहिली रीति. साधा 'र', त्याखालीं टिंब व मग हलन्त खूण, ही दुसरी. आणि साधा 'र', हलन्त खूण व त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह, ही तिसरी. कागदावर तिन्ही शब्द एकसारखे दिसतील. परंतु पहिल्यास २१ बाइट लागतात, उरलेल्या दोहोंस प्रत्येकीं २४, आणि त्या दोहोंतील बाइटहि एकमेकांसारखे नाहींत. बिनतारी यंत्रें जाळ्याचें नांव बाइटास बाइट लावून ताडून पाहतात. म्हणून ज्या राउटरचें नांव लपवून ठेविलेलें असतें व जोडतांना हातानें लिहावें लागतें, तेथें वडिलांच्या मोबाइलचा कळफलक एक रीति वापरीत असेल आणि मुलाचा दुसरी, तर शुद्धलेखन निर्दोष असूनहि "जाळें सांपडत नाहीं" हेंच उत्तर येईल.

याहून फसविणारा प्रकार पासवर्डाचा आहे. घरगुती डब्ल्यूपीए-२ पद्धतींत जोडणीची गुप्त कळ एकट्या पासवर्डावरून काढीत नाहींत. पासवर्ड आणि जाळ्याचें नांव या दोहोंचें मिश्रण ४०९६ वेळां घुसळून ती काढतात. तेव्हां कळ काढतांना राउटरनें नांवाचे बाइट एका संकेतांत घेतले आणि मोबाइलनें दुसऱ्या, तर दोघांच्या कळा निराळ्या होतील. पडद्यावर मात्र "पासवर्ड चुकला" असें दिसेल. बिचारा वापरणारा बरोबर असलेला पासवर्ड दहा वेळां पुन्हां लिहील आणि अखेर स्वतःच्याच स्मरणशक्तीस दोष देईल.

येथें कोणी म्हणेल कीं, या साऱ्या कटकटी देवनागरीमुळेंच झाल्या ना? यास दोन उत्तरें आहेत. पहिलें उत्तर ब्लूटूथचें. त्या मानकानें यंत्राचें नांव यूटीएफ-८ मध्येंच असावें व तें २४८ बाइटांपर्यंत असूं शकतें, असें स्पष्ट सांगून ठेविलें आहे. म्हणजे ८२ देवनागरी चिन्हें सुखानें मावतात, आणि संकेताविषयीं तर्क करण्याचें कारण उरत नाहीं. लिपि तीच आहे. करार स्पष्ट होतांच भांडणाचें मूळच नाहींसें झालें. दुसरें उत्तर २०२१ सालच्या जून महिन्यांतील घटनेचें. शेंकड्याचीं चिन्हें व कांहीं साधीं रोमन अक्षरें यांनीं बनविलेल्या नांवाच्या एका जाळ्यास आयफोन जोडतांच त्याचें वाय-फाय बंद पडे, व जाळ्यांविषयींची सारी मांडणी पुसून नव्यानें केल्यावांचून तें पूर्ववत् होत नसे. पुढें जुलैमध्यें निघालेल्या १४.७ या आवृत्तींत ही उणीव दूर करण्यांत आली. त्या नांवांत देवनागरीचें एकहि चिन्ह नव्हतें. सर्व चिन्हें आस्कीच्या १२८ जागांतलींच होतीं. नांव हें केवळ नांव आहे हें विसरून यंत्रानें त्यांतील खुणा आज्ञा म्हणून वाचल्या, एवढाच तो दोष होता. यावरून हें उघड आहे कीं, नांवामुळें होणारे बिघाड लिपीच्या पोटीं जन्मत नाहींत. न तपासलेल्या गृहीतांच्या पोटीं जन्मतात.

तथापि, प्रत्येक बिघाडाचें खापर संकेतावर फोडणें हेंहि तितकेंच चुकीचें होईल. म्हणून तपासणीचा क्रम सांगतो. प्रथम दुसरें यंत्र त्याच जाळ्यास जोडून पाहावें. तेंहि जोडलें जात नसेल तर राउटरकडे लक्ष द्यावें. पासवर्डांत देवनागरी अक्षरें घालूं नयेत, कारण डब्ल्यूपीए-२ च्या नियमाप्रमाणें तो ८ ते ६३ आस्की अक्षरांचाच असावा लागतो. त्यानंतर इतर कांहींएक न बदलतां केवळ नांव साध्या रोमन अक्षरांत लिहावें. जोडणी लागली तर पुन्हां जुनें नांव देऊन पाहावें. बिघाड परत आला तरच संशय पक्का झाला. ही उलट परीक्षा बहुतेक लोक करीत नाहींत, आणि त्यामुळें योगायोगासच कारण समजून बसतात. संशय पक्का झाल्यावर मराठी नांव आंखूड करून, म्हणजे दहा चिन्हांच्या आंत आणून पाहावें. तेवढ्यानें भागलें तर दोष लांबीचा होता. न भागलें तर जाळ्याचें नांव अंकांच्या रूपांत पाहावें. विंडोज आपल्या नोंदींत तें षोडशमान अंकांतहि ठेवितें, आणि दोन यंत्रांवरील अंक शेजारीं मांडले म्हणजे फरक कोठें पडला तें लहान मुलासहि दाखवितां येतें. शेवटीं ड्रायव्हर व राउटरची आज्ञावली यांची नवी आवृत्ति मिळते कीं काय तें पाहावें, आणि जें आढळलें तें कर्त्या कंपनीस लिहून कळवावें.

व्यवहारी मनुष्याचा आक्षेप मी हलका समजत नाहीं. परीक्षेचा अर्ज भरावयाची शेवटची घटका असेल, किंवा घरांत आजारी माणूस असून वैद्यांशीं बोलणें अडलें असेल, तर तात्काळ रोमन नांव देऊन काम उरकावें. त्या वेळीं लिपीचा अभिमान बाळगीत बसणें शहाणपणाचें नव्हे. तसेंच जेथें नियमच रोमन अक्षरांचा आहे तेथें तो पाळावा. संगणकाच्या जाळ्यावरील पत्त्यांत आरंभापासून इंग्रजी अक्षरें, अंक व जोडरेघ एवढींच चालत आलीं आहेत. २०१४ पासून मिळूं लागलेले '.भारत' हे देवनागरी पत्तेदेखील आंतून रोमन रूपांतच बदलून पाठविले जातात. नियम ठाऊक असणें आणि त्यास वळसा घालण्याची रीति ठाऊक असणें, यांत कमीपणा कांहीं नाहीं. माझा विरोध आहे तो तात्पुरत्या उपायास कायमचा कायदा करण्यास. "नांव इंग्रजींतच द्या" हा कायदा झाला म्हणजे दोष झांकला जातो व झांकलेला दोष कोणी दुरुस्त करीत नाहीं. जें यंत्र आज राउटरचें नांव मध्येंच तोडतें, त्याच वृत्तीनें लिहिलेला कार्यक्रम उद्यां एखाद्या मुलीच्या प्रमाणपत्रावरील नांव तोडील. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ज्या मुलानें पाटीवर श्रीगणेशा गिरविला त्यास वाटूं लागतें कीं, हीं अक्षरें सणासुदीचीं, कामाचीं नव्हेत.

आपल्या पूर्वीच्या पिढीनें असें मानिलें नव्हतें. मुद्रणकला आपल्याकडे आली तेव्हां देवनागरीचे खिळे पाडणें रोमन खिळ्यांहून कितीतरी अवघड होतें. जोडाक्षरें, काने, मात्रा, वेलांट्या यांमुळें जुळाऱ्याच्या पेटींत घरेंहि पुष्कळ अधिक लागत. तरी १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनीं लिपीस दोष देऊन हात जोडले नाहींत. लिपीस शोभतील असे सुबक खिळे पाडविले, आणि त्या छापखान्याचे ग्रंथ देशभर नांवाजले गेले. जें शिशाच्या खिळ्यांनीं साधलें तें विद्युत्कणांनीं साधूं नये, असें म्हणण्यास आधार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें यंत्रांसाठीं आज्ञा लिहिणार आहेत. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: फाइल लिहितांना तिचा संकेत सांगून ठेवा, लांबी मोजतांना अक्षर व बाइट यांतील भेद विसरूं नका, नांव तोडणें भागच पडलें तर पूर्ण अक्षराच्या शेवटीं तोडा, यंत्राची ओळख नांवावर न ठेवितां क्रमांकावर ठेवा, आणि आपलें काम पुरें झालें असें म्हणण्यापूर्वीं त्यास 'गुऱ्हाळ' हें नांव एकदां देऊन पाहा. पालकांसहि एक सांगणें आहे. मुलानें यंत्रास मराठी नांव दिलें व तें अडलें, तर "कशाला नसता उद्योग केलास" असें म्हणून त्यास गप्प करूं नका. तो अडखळला तें ठिकाण शोधण्यास त्यास सांगा. त्या शोधांत त्यास अंकगणित, यंत्रशास्त्र व आपल्या लिपीची रचना या तिहींचा एकदमच परिचय होईल. एवढें होऊनहि यंत्र हट्टास पेटलें तर खुशाल रोमन नांव द्यावें. मात्र देतांना हें नांव यंत्राच्या अज्ञानामुळें दिलें आहे, आपल्या अक्षरांच्या उणेपणामुळें नव्हे, हें त्यास स्पष्ट सांगावें.